मिसेस मॅकब्राइडच्या घरचं कालवण

मी काय काम करते हे नाशिकच्या माणसांना समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली. "तू बोटीवर असतेस ना?" असं माझी मोठी जाऊ अजूनही विचारते. बोटीवर मी नसते. बोटीतून जी माणसं उतरतात त्यांना मी गाव दाखवते. सकाळी एखादी अवाढव्य क्रूझ बोट बेलफास्टच्या बंदराला लागते, दोन-तीन हजार माणसं भरपेट नाश्ता करून धक्क्यावर उतरतात आणि संध्याकाळपर्यंत ती सगळी परत बोटीत पोचवायची असतात. मधल्या वेळात त्यांना जे काही आयर्लंड दिसतं ते दाखवायची जबाबदारी एका गाइडची आणि एका कोचच्या, म्हणजे टूरच्या बसच्या, ड्रायव्हरची. याला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही. माझा नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर आहे. तो म्हणतो, आपण दोघं एकच काम करतो, लोकांना झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं.

आयर्लंड म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग तुम्ही यूकेत की आयर्लंडात? बेट एक आणि राज्यं दोन. आम्ही राहतो त्या उत्तरेकडच्या तुकड्यात राज्य ब्रिटनचं आणि पाऊस आयर्लंडचा. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. मी नाशिकला शाळेत भूगोल शिकवत होते. इथे आल्यावर मुलगी शाळेत जायला लागली, मी रिकामी झाले आणि गाइडची परीक्षा दिली. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी विचारलं की हेच काम का? मी म्हटलं, चाळीस मुलांची सहल एकटीने पन्हाळ्याला नेऊन सगळी परत आणलेली आहे. पन्हाळा म्हणजे काय ते त्यांना कळलं नसावं, पण सगळी परत आणली हे बरोबर कळलं.

या धंद्यातलं अर्धं ज्ञान इतिहासाचं आणि अर्धं स्वच्छतागृहांचं. कुठल्या किल्ल्याजवळ किती टॉयलेट आहेत, त्यातली किती चालू आहेत, हे ज्याला माहीत नाही त्याने माइक हातात घेऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे डोकी मोजणं. बोटीने आपणच ठरवून दिलेला कोच असला तर बोट त्याच्यासाठी थांबते. पण जिच्यामुळे बोट थांबली ती गाइड व्हायची कुणालाच हौस नसते.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. यॉर्कशरचे एक गृहस्थ दिवसभर कोचमधून उतरलेच नाहीत. किल्ला नको, बाग नको, चहासुद्धा नको. शेवटी मी शेजारी बसून विचारलं, काही दुखतंय का? म्हणाले, "नाही, पोरी. चार दिवस झाले, न डोलणारी खुर्ची मिळाली नव्हती." टूरच्या शेवटी त्यांनी अभिप्राय दिला, उत्कृष्ट.

एकदा अँट्रिमच्या किनाऱ्यावरच्या त्या सहा कोनी दगडांच्या प्रसिद्ध फरसबंदीवर अख्खा कोच घेऊन गेले तर धुकं असं पडलेलं की स्वतःच्या हातातली छत्री दिसेना. लोक चिडले. एवढ्या लांब येऊन पाहिलं काय, तर दूध. आमच्यात एक अंध बाई होत्या. त्या खाली बसल्या, दगडावरून हात फिरवला आणि कोपरे मोजायला लागल्या. "सहा," त्या म्हणाल्या. "हा पाच." मग त्यांच्याजवळ एक जण बसला, मग दुसरी. थोड्या वेळाने पन्नास माणसं धुक्यात उकिडवी बसून दगड चाचपत होती आणि आकडे ओरडत होती. इतकी खूश झालेली टूर मी लख्ख उन्हातही पाहिलेली नाही.

पण मला सांगायची आहे ती सावंतकाकांची गोष्ट. ती गेल्या उन्हाळ्यातली.

त्या दिवशीची टूर अर्ध्या दिवसाची होती. शहराचा फेरा, मग बंदरातला जुना जहाजबांधणीचा भाग आणि शेवटी ज्या बुडालेल्या बोटीमुळे जग बेलफास्टला ओळखतं तिचं म्युझियम. (त्या बोटीबद्दल इथली माणसं एवढंच म्हणतात की इथून निघाली तेव्हा ठीक होती.) कोच चालवायला सॅमी होता. सॅमी पूर्व बेलफास्टचा, वडील आणि आजोबा दोघंही गोदीत काम केलेले. माणूस गोरा, गोल आणि सतत काहीतरी चघळणारा. आमची जोडी जुनी.

धक्क्यावर नंबराची पाटी धरून उभी होते. पायऱ्यांवरून एक वृद्ध जोडपं उतरलं, सोबत एक तरुण मुलगी. आजोबा ताठ, डोक्याला काळी टोपी. आजींनी साडीवर रेनकोट घातला होता आणि पायात पांढरे स्पोर्ट्‌स शूज. मी इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणणार, तेवढ्यात आजी आजोबांना म्हणाल्या, "पायाखाली बघा. गोदी पळून जात नाही."

"काकू, सावकाश या," मी म्हटलं.

आजी पायरीवरच थांबल्या. माझ्या छातीवरचं नाव वाचलं. मग मागे वळून मुलीला म्हणाल्या, "ईशा, ही आपली निघाली."

मंडळी मूळची मालवणची. मुलगा लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर, त्याच्याकडे उन्हाळ्यापुरते आले होते. मुलाने आईवडिलांना क्रूझचं तिकीट काढून दिलं आणि सुट्टी मिळेना म्हणून मुलीला बरोबर पाठवलं. ईशा लीड्समध्येच जन्मलेली, फार्मसिस्ट. कोच सुरू झाल्यावर ती पुढे माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अनघामावशी, आजोबाला एक रस्ता बघायची आहे. टूरमध्ये नाही आहे ती रस्ता."

"कुठला रस्ता?"

"तो इथे राहत होता. नेव्हीमध्ये. आणि आजी खूप अँग्री आहे. म्हणजे फनी अँग्री."

मग मला कळलं. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका बेलफास्टच्या गोदीत पुरी झाली होती, आणि तिच्यावर काम करायला आपले खलाशी इथे येऊन राहिले होते. हे मला माहीत होतं, कारण गाइडला माहीत असावं लागतं. पण त्यांतला एक जण माझ्या कोचमध्ये तिसऱ्या रांगेत येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं. सावंतकाका तेव्हा विशीतले, इंजिनरूममधले. बोटीवर राहायची सोय होईपर्यंत तो हिवाळा त्यांनी आणि एका सोबत्याने गोदीच्या जवळच्या एका गल्लीत मिसेस मॅकब्राइड नावाच्या बाईंच्या घरी काढला होता.

पुढचं काकूंनी सांगितलं. मागच्या सीटवरच्या अमेरिकन बाईला कळू नये म्हणून हळू आवाजात, पण सगळ्या कोचला ऐकू जाईल इतक्या ठसक्यात.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय. बांगड्याचं कालवण केलं की हे घास घेतात आणि म्हणतात, बरं झालंय, पण मिसेस मॅकब्राइडच्या घरी मी केलं होतं त्याची सर नाही. त्या बाई म्हणे वाटी चाटून पुसून खायच्या. पुन्हा कर, पुन्हा कर म्हणायच्या. गो बाय, साठ वर्षं मी त्या बाईच्या वाटीशी भांडतेय. म्हटलं, एकदा तिचं घर तरी बघून येऊ."

काका खिडकीबाहेर बघत होते. "चांगलं झालं होतं," ते एवढंच म्हणाले.

म्युझियमपाशी कोच थांबला. लोकांना आत सोडलं, परत यायची वेळ दोनदा सांगितली. आता मला आणि सॅमीला दीड तास मोकळा होता. कोच ठरलेल्या वाटेवरून हलवता येत नाही, तो नियमच आहे. मी सॅमीला गल्लीचं नाव सांगितलं. त्याने चघळणं थांबवलं.

"ती गल्ली नाहीय आता," तो म्हणाला. "सगळी पाडली. नवी घरं झाली. मी शाळेत होतो तेव्हाच गेली."

हे काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं. सावंत मंडळी म्युझियमात गेलीच नव्हती; आम्ही जवळच्या सुक्या गोदीच्या कठड्यापाशी बसलो होतो. काका तिथे आल्यापासून वेगळेच माणूस झाले होते. हात करून दाखवत होते, इथे क्रेन, तिथे आमचं कॅन्टीन, त्या बाजूने सकाळी हजारो माणसं टोप्या घालून यायची, पायांचा आवाज लांबून ऐकू यायचा. मी गल्लीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"असू दे," म्हणाले. "साठ वर्षांत आमच्या मालवणात तरी काय राहिलंय?"

काकूंनी काही टोमणा मारला नाही. त्यांनी काकांच्या गळ्यातला मफलर नीट केला. मला त्या क्षणी फार अपुरं वाटलं. मी लोकांना मेलेल्या राजांची आणि बुडालेल्या बोटींची घरं दाखवते, आणि या माणसाला त्याची एक खोली दाखवता येऊ नये.

सॅमी मात्र बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. बेलफास्ट दिसायला शहर आहे, आतून खेडं आहे. तो आईशी बोलत होता. आईने तिच्या चर्चमधल्या मैत्रिणीला फोन केला. त्या मैत्रिणीची वहिनी त्या गल्लीतली. थोड्या वेळाने तो परत आला.

"मिसेस मॅकब्राइड वारल्या, फार वर्षं झाली," तो म्हणाला. "पण मुलगी आहे. आयरिस. ती हेअरड्रेसरकडे होती. निघालीय."

"निघालीय म्हणजे?"

"म्हणजे येतेय. माझी बहीण तिला घेऊन येतेय. अर्धेच केस झालेत, म्हणाली, पण येतेय."

मी घड्याळ बघत होते. लोक बाहेर यायला लागले की मला तिथून हलता येणार नव्हतं. ईशा आजोबांचा हात धरून म्हणत होती, "आजोबा, ती येतो आहे. रिअली येतो आहे." काका उठून उभे राहिले आणि टोपी सरळ केली.

एक लाल गाडी आली. तिच्यातून एक सत्तरी ओलांडलेली बाई उतरली, अंगात निळा कोट, केस एका बाजूला कुरळे आणि दुसऱ्या बाजूला ओले. ती सरळ काकांसमोर आली, मान तिरकी करून पाहिलं.

"सॅव?" ती म्हणाली. "तू सॅव की दुसरा?"

"सॅव," काका म्हणाले. सावंत हे नाव त्या घरात कुणाला जमत नव्हतं.

"तू केवढा छोटा झालायस," आयरिस म्हणाली आणि त्यांना मिठी मारली. काकांना बायामाणसांना मिठी मारायची सवय नव्हती. ते हात बाजूला धरून तसेच उभे राहिले, मग त्यांनी तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

काका त्यांच्या घरी होते तेव्हा आयरिस आठ-नऊ वर्षांची होती. काकूंची ओळख करून दिली. काकूंनी वेळ घालवला नाही. पिशवीतून डबा काढला, बेसनाचा लाडू तिच्या हातावर ठेवला आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, "युअर मदर. शी लाइक हिज फिश करी?"

आयरिसने लाडू नाकाशी नेला होता. ती थांबली. "फिश करी," ती म्हणाली. मग तिच्या खांद्यांना काहीतरी झालं आणि ती हसायला लागली. बोलता येईना इतकी हसली.

सॅमीच्या बहिणीने तिला कठड्यावर बसवलं. मग तिने सांगितलं आणि मी काकूंसाठी मराठी करत गेले. एका शनिवारी आई बाजारात गेली असताना सॅवने हेरिंग मासे आणले आणि घरून आलेला मसाला कढईत टाकला. धूर खिडकीतून गल्लीत आला. समोरच्या म्हातारीने आग लागली म्हणून ओरडा केला. गल्लीतली माणसं बादल्या घेऊन धावली. आई परत आली तेव्हा दारात गर्दी, आणि आत सॅव डोळे पुसत कढई ढवळतोय. "आईने कढई उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली. मांजरसुद्धा जवळ गेलं नाही. त्यानंतर त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती."

मी "बंदी होती" म्हणेपर्यंत काकूंना तोंडावर पदर घ्यावा लागला होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. "चाटून पुसून," त्या म्हणत होत्या, "वाटी चाटून पुसून."

"तो शनिवार वेगळा," काका म्हणाले. "मी म्हणतो तो दुसरा."

"दुसरा नव्हताच, सॅव," आयरिस म्हणाली. ती डोळे पुसत होती. मग तिचा आवाज बदलला. "पण तू यांना कोळशाचं सांगितलंस ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. काका गोदीकडे बघत होते.

त्याच हिवाळ्यात आयरिसच्या वडिलांचा पाय गोदीत मोडला होता. ते अंथरुणाला खिळलेले, आईच्या पोटात धाकटा भाऊ. कोळसा आणायचा तर गल्लीच्या टोकापासून पोतं उचलून आणावं लागायचं. "सॅव रोज कामावर जायच्या आधी उठायचा," आयरिस म्हणाली. "अंधारात. बर्फ असलं तरी. पोतं आणायचा, शेगडी पेटवायचा आणि मगच जायचा. आम्ही खाली यायचो तेव्हा खोली गरम असायची. वसंत येईपर्यंत. आई म्हणायची, त्या वर्षी आमचं घर भारताच्या नेव्हीने ऊबदार ठेवलं."

मी हे मराठीत सांगितलं.

काकू हसायच्या थांबल्या होत्या. त्या काकांकडे वळल्या, आणि इतका वेळ माझ्याशी शहरी मराठीत बोलणाऱ्या काकूंची मालवणी सुटली.

"तुमी माका ह्यां कधी सांगूक नाय."

"तेच्यात काय सांगूचा?" काका म्हणाले.

काकूंनी डब्यातला दुसरा लाडू काढला, तो काकांना दिला. साठ वर्षांच्या संसारात एखाद्या माणसाबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटत असताना एक कोपरा असा अचानक उजेडात यावा, याचा आनंद आणि थोडा राग, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसले. मग त्या जाऊन कठड्यावर आयरिसच्या शेजारी बसल्या. पुढचा अर्धा तास त्या दोघी, अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत, काकांची निंदा करत बसल्या. काका बाजूला बसून लाडू खात होते. इतका सुखी आरोपी मी पाहिला नाही.

लोक बाहेर आले. मी डोकी मोजली, सगळी भरली. आयरिसला कोचमध्ये घेता येत नव्हतं, ती यादीत नव्हती. तिने काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, काकूंच्या गालाचा मुका घेतला आणि ओल्या बाजूचे केस सारखे करत लाल गाडीशी जाऊन उभी राहिली.

धक्क्यापर्यंतच्या वाटेवर मी नेहमी बंदराच्या खोलीकरणाबद्दल सांगते. ते सांगायला मी माइक घेतला आणि ते सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही आज एका बुडालेल्या बोटीची गोष्ट ऐकलीत, आता एका न बुडालेल्या बोटीची ऐका. समुद्राच्या पलीकडून काही तरुण मुलं इथे आली होती, त्यांनी इथल्या माणसांबरोबर एक जहाज पुरं केलं आणि ते माझ्या देशाला घेऊन गेली. त्यांतले एक तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मग ती अमेरिकन बाई उठली आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सॅमीने हॉर्न वाजवला, जे बंदरात करायची परवानगी नाही. काका अर्धवट उठले आणि त्यांनी सगळ्यांना सॅल्यूट केला.

इतकी वर्षं मी माइकवर इथल्या राजांची, संपांची, दंगलींची, तहांची गोष्ट सांगत आले. आमची गोष्ट कधी सांगितली नव्हती. कुणी अडवलं नव्हतं, मलाच ती टूरमध्ये बसेलसं वाटलं नव्हतं. त्याची थोडी खंत आहे. मुलीच्या शाळेचे स्पोर्ट्‌स डे या कामापायी हुकले त्याची आहे, तशीच. आता मात्र जहाजबांधणीच्या भागात आले की मी ती सांगतेच. ऑफिसने दिलेल्या मजकुरात ती नाही. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

धक्क्यावर निरोप घेताना काकूंनी माझा हात धरला. "हे पुढे कालवणाबद्दल काही बोलले तर मी तुला फोन करीन," म्हणाल्या. ईशाने माझा नंबर घेतला.

एरवी कोच रिकामा झाला की मी सरळ घरी जाते. त्या दिवशी सॅमी म्हणाला, आयरिस हॉलीवूडला जायचं म्हणतेय, येतेस का? हॉलीवूड हे आमच्या खाडीच्या काठचं छोटं गाव आहे, सिनेमावाल्यांचा काही संबंध नाही. बंदरातून निघालेल्या बोटी त्याच्यासमोरून समुद्राकडे जातात. आम्ही तिघं काठावर जाऊन उभे राहिलो. आयरिसने घरी जाऊन एक पांढरी चादर आणली होती. केस आता दोन्ही बाजूंनी विस्कटले होते.

बोट हळूहळू आली. पांढरी, कितीतरी मजल्यांची, उन्हात चमकणारी. डेकवर माणसं होती, पण कोण कोण ते इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं. सॅमीने चादरीचं एक टोक धरलं, आयरिसने दुसरं, आणि ते ती वरखाली हलवायला लागले. मी छत्री हलवली. माझा फोन वाजला, ईशाचा मेसेज होता: आजोबाला दिसली तुमची चादर. तो रडतो आहे आणि हसतो आहे.

मी तो आयरिसला वाचून दाखवला. तिने मान हलवली. बोट पलीकडच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यापुढे जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

"तुमची लढाऊ बोट गेली तेव्हा आईने मला इथेच आणलं होतं," आयरिस म्हणाली. "ती भांडी पुसायचं फडकं हलवत होती. मी विचारलं, सॅव परत कधी येईल? म्हणाली, बोटीतून गेलेली माणसं परत येत नसतात, पोरी."

सॅमीने आपल्या हातातलं टोक तिच्याकडे दिलं. आयरिसने चादरीची घडी घातली, काखेत धरली.

"आईचं सहसा चुकायचं नाही," ती म्हणाली. "या एका बाबतीत चुकलं."